दहा खाली, पाच वर

(श्रवणशास्त्रात पदव्युत्तर होऊ पाहणाऱ्यांसाठी वापराच्या सूचना. आधी पूर्ण वाचाव्यात, मगच अर्जाला हात लावावा.)

"हेडफोन लावतेय. बारीक आवाज येईल. आला की बोट वर करायचं. कितीही बारीक आला तरी करायचं, आणि नाही आला तर उगाच करायचं नाही."

मिरजेतल्या माझ्या दवाखान्यात ही वाक्यं मी रोज दहा-बारा वेळा म्हणते. लोक शहाण्यासारखी मान डोलावतात, काचेपलीकडे जाऊन बसतात आणि बोट सोडून बाकी सगळं वर करतात. कुणी भुवया उंचावतं. कुणी एसटी दिसल्यासारखं "आली, आली" ओरडतं. एक निवृत्त हेडमास्तर प्रत्येक आवाजाला उभे राहायचे. तंतुवाद्यं बनवणाऱ्या घरातले एक आजोबा (मिरजेत तेही येणारच) १००० हर्ट्‌झचा आवाज ऐकून बोट वर करायचं विसरले आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "बाई, हा सूर कुठल्या पट्टीतला म्हणायचा?" त्यांचं चुकलं नव्हतं. पियानोच्या नेहमीच्या जुळणीत १००० हर्ट्‌झ दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी लोंबकळतो. आमचं सगळं शास्त्र ज्या स्वरापासून सुरू होतं तो मुळात बेसूर आहे, हे मला एवढ्या वर्षांत एकाच माणसानं सांगितलं.

दर उन्हाळ्यात बीएएसएलपी, म्हणजे श्रवण आणि वाचा यांची पदवी, संपवलेली मुलंमुली पुढच्या अर्जाबद्दल विचारायला येतात, तेव्हा मला तीच काचेपलीकडची खोली आठवते. ऐकायचा तो आवाज बारीक असतो, आणि बोट वर होतं ते बाहेरच्या हॉर्नला. म्हणून या सूचना.

पेटी उघडण्यापूर्वी

पेटीत काय आहे ते आधी बघा. तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप अशी चार वर्षं तुम्ही कान आणि वाचा यांच्यात वाटून घेतलेली आहेत. आता एकाला सोडायचं आहे. एम.एस्सी. ऑडिओलॉजी म्हणजे कान, एम.एस्सी. स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजी म्हणजे जीभ. काही ठिकाणी दोन्हींची एकच पदवी मिळते, पण तिथेही दुसऱ्या वर्षापर्यंत मन एका बाजूला कललेलं असतंच.

कल ओळखायची युक्ती सांगते. तीन वर्षांचं मूल खोलीत येतं आणि टेबलाखाली शिरतं. तुम्हीही त्याच्यामागे टेबलाखाली शिरलात तर तुमचा पिंड वाचोपचाराचा. तुम्ही खुळखुळा उचलून त्याच्या मागे उभे राहिलात आणि मान वळते का ते बघू लागलात, तर कानाकडे या. दोन्हीपैकी काहीच न करता आईला "याला धरा" म्हणालात तर आणखी एक वर्ष इंटर्नशिप करा.

घरच्यांना समजावणं ही पुढची पायरी आहे, आणि ती बहुतेकांना कधीच जमत नाही. "ऑडिओ म्हणजे लग्नातल्या डीजेचं का गं?" असं माझ्या काकांनी विचारलं होतं. मी त्यांना आतला कान, शिंपल्यासारखा कॉक्लिया, त्यातल्या केशपेशी, सगळं कागदावर काढून दाखवलं. त्यांनी ते शांतपणे पाहिलं आणि पाहुण्यांना सांगितलं, "कानाचं मशीन बसवायला शिकतेय." तेव्हापासून मीही तेच सांगते. मावशीचा प्रश्न वेगळा असतो: "एवढं शिकायचं तर मग डॉक्टरच का नाही?" कान-नाक-घसावाले डॉक्टर कानाची शस्त्रक्रिया करतात, औषध देतात; कान किती आणि कसा ऐकतो ते मोजायचं, मशीन किंवा कॉक्लियर इम्प्लांट लावलं तर ते जुळवायचं आणि माणसाला पुन्हा ऐकायला शिकवायचं, ते आमचं. एवढं वाक्य पूर्ण होईपर्यंत मावशी चहा ठेवायला गेलेली असते.

त्यानंतर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे आरसीआय. इथे विनोदाला जागा नाही, तरी थोडी करते. १९९२च्या कायद्यानं ही परिषद आली. तिच्या केंद्रीय नोंदवहीत नाव असल्याशिवाय हा व्यवसाय करता येत नाही, आणि तिची मान्यता नसलेल्या संस्थेची पदवी घेऊन त्या वहीत शिरता येत नाही. नोंदणीशिवाय काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं कायदा म्हणतो. १००० रुपये म्हणजे मशीनच्या सेलची चार-पाच पाकिटं. आपल्याकडे चष्म्याच्या दुकानात कानाची मशीन का विकायला असतात, याचं थोडं उत्तर त्या आकड्यात आहे. तुम्ही मात्र संस्थेला मान्यता आहे का, तुमच्या तुकडीच्या वर्षासाठी आहे का आणि याच अभ्यासक्रमासाठी आहे का, या तिन्ही गोष्टी परिषदेच्या यादीत स्वतःच्या डोळ्यांनी बघा. "मान्यता येणारच आहे" असं प्रवेश खिडकीवर ऐकलंत तर कानावर हात ठेवून बाहेर या.

पातळी ठरवणं

कुठे कुठे अर्ज करावा यासाठी वेगळी अक्कल लढवायची गरज नाही. पद्धत तुमच्या पाठ्यपुस्तकात आहेच. ह्यूसन आणि वेस्टलेक यांनी १९४४ साली ती सुचवली, कारहार्ट आणि जर्गर यांनी १९५९ साली ती घासूनपुसून घेतली, आणि तेव्हापासून जगभर श्रवणाचा उंबरठा असाच शोधतात. नक्की ऐकू येईल अशा आवाजापासून सुरुवात करायची. ऐकू आला तर दहा डेसिबल खाली. नाही आला तर पाच वर. पुन्हा आला, पुन्हा दहा खाली. वर चढताना ज्या पातळीला निम्म्या वेळा तरी उत्तर येतं, तिथे खूण करायची: उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली.

अर्जाचंही असंच करा. पहिला अर्ज अशा ठिकाणी करा, जिथे प्रवेश मिळणारच. म्हणजे हात थरथरायचे थांबतात. मग दहा खाली उतरा, जिथला आवाज जरा बारीक येतो अशा संस्थेकडे. जमलं नाही तर पाच वर. आमच्या आलेखात मोठा आवाज खाली आणि बारीक आवाज वर काढतात, ही गोष्ट इथे लक्षात ठेवलीत तर गोंधळ होईल, विसरून जा.

मोठा आवाज कोणता, हे सांगायला नको. रंगीत पुस्तिका, पहिल्या पानावर हसणारी मुलगी, तिच्या गळ्यात स्टेथोस्कोप. श्रवणतज्ज्ञाला स्टेथोस्कोप एकाच कामाला लागतो, मशीनमधून आवाज नीट येतोय का ते ऐकायला, आणि तोही वेगळ्या प्रकारचा असतो. पुस्तिकेवर हृदयविकारवाल्यांचा स्टेथोस्कोप दिसला तर समजा की ती छापताना विभागातल्या कुणाला विचारलेलं नाही.

बारीक आवाज ऐकायचा तर विभागात फोन करा. मुख्य कार्यालयात नाही, ऑडिओलॉजी विभागातच. वेगवेगळ्या दिवशी तीनदा करा. मुलासाठी बेरा चाचणीची तारीख हवी आहे, असं विचारा. तीनपैकी दोनदा कुणी उचलला आणि नीट उत्तर दिलं, तर तो तुमचा उंबरठा; तिथे खूण करा. तिन्ही वेळा वाजत राहिला तर तिथल्या रुग्णांनाही तो तसाच वाजताना ऐकू येत असणार.

परीक्षांबद्दल थोडक्यात. म्हैसूरची आणि मुंबईतली राष्ट्रीय संस्था आपापली प्रवेशपरीक्षा घेतात. महाराष्ट्रात राज्याचा सीईटी कक्षही या अभ्यासक्रमासाठी परीक्षा घेतो. तिच्या लांबलचक नावात फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, कृत्रिम अवयव आणि आपण असे सगळे एकाच हायफनला लटकून बसलेले असतो. अभ्यास मात्र मास्किंगचा नीट करा. आता तिकडेच वळते.

मास्किंग

एका कानाला जोरात आवाज दिला तर तो कवटीतून पलीकडे जातो आणि दुसरा, बरा कान "मी ऐकलं" म्हणून उत्तर देऊन टाकतो. साध्या हेडफोननं हे साधारण ४० डेसिबलच्या फरकापासून होऊ लागतं. आलेखावर मग ठार बहिऱ्या कानाचीही थोडीफार श्रवणशक्ती उमटते. ती त्याची नसते, शेजारच्याची असते. याला शॅडो कर्व्ह म्हणतात, सावलीचा आलेख. उपाय म्हणजे बऱ्या कानात सुसाट वाऱ्यासारखा गोंगाट सोडून त्याला गुंतवून ठेवायचं.

माझ्याकडे येणाऱ्या दहा मुलींपैकी सहा-सात जणींची निवड म्हणजे निव्वळ सावलीचा आलेख असते. "म्हैसूरच का?" "प्राजू म्हैसूरला भरतेय." ती प्राजू कोण, तर वसतिगृहात एकाच खोलीत राहणारी मैत्रीण. प्राजूला विचारलं तर ती म्हणते, सीनिअर ताईनं सांगितलं. ताईपर्यंत गेलं तर कळतं की तिला म्हैसूरला जायचं होतं, मिळालं नाही. या साखळीत ऐकणारा मूळ कान कुठेच नाही. अर्ज भरायच्या आठवड्यात प्राजूच्या कानात काहीही घाला, सिनेमाची गाणी घाला, पण तिला उत्तर देऊ देऊ नका.

आता ठिकाणं. म्हैसूरच्या मानसगंगोत्री भागातली अखिल भारतीय वाक् आणि श्रवण संस्था, एआयआयएसएच, १९६५ची. या विषयात ती सगळ्यांची आजी. आपल्यापैकी अनेकांना शिकवणारे शिक्षक तिथलेच, त्यांनी लिहिलेल्या चाचण्या तिथल्याच. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ची. महाराष्ट्राचे राज्यपाल असतानाच वारलेल्या अली यावर जंग यांचं तिला नाव दिलं. पश्चिम द्रुतगती महामार्गालाही कागदोपत्री त्यांचंच नाव आहे. म्हणजे मुंबईत एकाच माणसाच्या नावे एक ध्वनिरोधक खोली आहे आणि एक चोवीस तास हॉर्न वाजवणारा रस्ता. संस्थेला पेशंटांचा तुटवडा पडू नये याची इतकी दूरदृष्टी सरकारनं दुसरीकडे दाखवलेली नाही. मुंबई सेंट्रलचं नायर रुग्णालय आहे, पुण्यात भारती विद्यापीठ आहे. बाहेर चेन्नई, मणिपाल, तिरुवनंतपुरम, चंडीगड आहेत. सगळ्यांची वर्णनं करत बसत नाही, ती तुम्हाला पाठच असतात.

मला भाषेबद्दल बोलायचं आहे, कारण पुस्तिकेत ते सापडत नाही. शुद्ध स्वर कुणालाही ऐकवता येतो. पण माणूस शिट्ट्या ऐकायला कान वापरत नाही, बोलणं ऐकायला वापरतो. त्यामुळे पुढची चाचणी शब्दांची असते: तुम्ही शब्द म्हणायचा, समोरच्यानं तो परत म्हणायचा. इथे पेशंटची भाषा तुमच्या तोंडात नसेल तर तुम्ही त्याचा कान तपासत नाही, तुमचा उच्चार तपासता. माझ्याकडे जतकडच्या एक आजी आल्या. मी मराठी शब्दांची यादी सुरू केली. त्या प्रत्येक शब्दाला भलतंच काहीतरी म्हणत होत्या. मी मनातल्या मनात मेंदूकडे जाणाऱ्या नसेपर्यंत निदान नेलं. शेवटी सून आत आली आणि म्हणाली, "अहो, त्यांना कन्नडच येतं." आजी माझ्या शब्दांशी जुळणारे कन्नड शब्द शोधून देत होत्या, बिचाऱ्या.

मिरजेत निम्मी बाकं अथणी, चिकोडीकडच्या लोकांनी भरलेली असतात. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की म्हैसूरला गेले असते तर बरं झालं असतं. संस्थेच्या नावापेक्षा तिथल्या कन्नडसाठी. तुम्ही उलट बाजूनं विचार करा. शिकून झाल्यावर कुणाच्या समोर बसायचं आहे? गडचिरोलीत काम करायचं असेल तर गोंडी कानावर पडेल, सिंधुदुर्गात मालवणी, मुंबईत एका दिवसात सहा भाषा. ज्या बाह्यरुग्ण विभागात त्या भाषा बोलल्या जातात तिथे दोन वर्षं घालवा. प्रवेश मुलाखतीत मात्र हे सांगू नका. तिथे "संशोधनाच्या संधी" असं म्हणायचं असतं.

आजोबांचा वापर

ज्या संस्था अर्जाबरोबर तुमच्या हेतूचं एक पान मागतात, त्यांच्यासाठी ही सूचना. त्या पानाची सुरुवात ठरलेली असते: "माझ्या आजोबांना ऐकू कमी येत असे." देशात दरवर्षी या एका कारणासाठी किती आजोबा बहिरे होतात याची गणती नाही. क्वचित आजी असते. २०११च्या जनगणनेत श्रवणदोष असलेले लोक ५० लाखांहून जास्त भरले. अर्जांवरून मोजलं असतं तर आकडा मोठा आला असता.

मी स्वतः आजोबाच वापरले होते. माझे आजोबा कापडगिरणीत होते, तीस वर्षं मागाच्या खडखडाटात उभे राहिलेले. मी लिहिलं की त्यांच्या एकाकीपणानं मला या क्षेत्राकडे खेचलं. पॅनेलवर एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी पान वाचलं, चष्मा वर केला आणि विचारलं, "कोणता कान?"

"म्हणजे?"

"तुम्ही हाक मारल्यावर आजोबा कोणता कान पुढे करतात?"

मी त्या माणसाच्या शेजारी पाटावर बसून सतरा वर्षं जेवले होते. मला सांगता आलं नाही. तिथे प्रवेश मिळाला नाही. बरोबरच होतं ते. दिवाळीत घरी गेले तेव्हा पाहिलं: डावा. आणि आजी कायम त्यांच्या डाव्या हाताला बसायची. तिला कुणी हे शिकवलं नव्हतं.

तेव्हा सूचना अशी: आजोबा वापरायचेच असतील तर आधी कोणता कान ते माहीत करून घ्या. ते टीव्हीचा आवाज किती ठेवतात, कुणाचं बोलणं कळतं आणि कुणाचं नाही (बायकांचं आणि लहान मुलांचं आधी जातं, कारण वरच्या पट्टीतलं आधी जातं), फोन कुठल्या हातात धरतात, लग्नाच्या पंगतीत हसायचं ते बाकीच्यांचे चेहरे बघून हसतात का, हे बघून ठेवा. एवढं लिहिलंत तर एकाकीपणा हा शब्द घालायची गरज पडणार नाही.

शिफारसपत्राची कृती सोपी आहे. तुम्ही सरांकडे जाता. सर म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." तुम्ही रात्रभर बसून स्वतःबद्दल लिहिता, आणि लाजून सगळं मध्यम ठेवता. पुढे पस्तावता, कारण प्राजूनं तिच्या पत्रात स्वतःला "दशकातली एक" असं म्हटलेलं असतं. खरं म्हणजे तुम्हाला प्रत्यक्ष पेशंटसमोर बघितलेल्या पर्यवेक्षकाकडे जा. साच्यासाठी कानाचं इम्प्रेशन घेताना आत पेस्ट अडकली तेव्हा तुम्ही काय केलंत हे ज्याला माहीत आहे, त्याच्या चार ओळी विभागप्रमुखांच्या पानभर विशेषणांपेक्षा जड भरतात.

परदेशी बनावट

अमेरिकेत जायचं असेल तर पदवी वेगळी आहे: एयूडी, म्हणजे श्रवणशास्त्रातली व्यावसायिक डॉक्टरेट. ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिननं १९९४ साली पहिल्यांदा ती सुरू केली. त्याआधी तिकडेही मास्टर्सवर काम भागत असे. आता तिथे श्रवणतज्ज्ञ व्हायचं तर डॉक्टरेटच लागते. बहुतेक ठिकाणी चार वर्षं, शेवटचं वर्ष बाहेर कुठल्या तरी दवाखान्यात पूर्णवेळ काम. काही ठिकाणी तीन वर्षांत उरकतात. बरेच अर्ज सीएसडीकॅस नावाच्या एकाच ऑनलाइन खिडकीतून जातात. तुमची चार वर्षं आणि त्यांची चार, अशी आठ वर्षं मोजा, डॉलरचा भाव मोजा, आणि मग प्रत्येक राज्याचा परवाना वेगळा असतो हेही मोजा. कॅनडात अजून मास्टर्सच चालते. ऑस्ट्रेलियात दोन वर्षांची मास्टर्स आहे. ब्रिटनमध्ये एम.एस्सी. आहे. आठ वर्षं ऐकून घरात शांतता पसरली तर हे देश सुचवा.

एयूडीचा एक फायदा मावशीला पटकन कळतो: नावामागे डॉ. लागतं. निव्वळ तेवढ्यासाठी जाऊ नका, असं मी म्हणायला हवं. पण मी मिरजेत राहते, आणि पाटीवर डॉ. नसेल तर माणसं दारातूनच "डॉक्टर कधी येणार?" विचारतात, त्यामुळे माझा आवाज इथे जरा बारीक येईल.

अमेरिकेतल्या संस्थांच्या यादीत एक नाव मला वेगळं वाटतं. वॉशिंग्टनचं गॅलॉडेट विद्यापीठ. १८६४ साली लिंकननं सही केलेल्या कायद्यानं कर्णबधिरांसाठी सुरू झालेलं. १९८८ साली पुन्हा एकदा ऐकू येणारी व्यक्ती अध्यक्ष नेमली गेली, तेव्हा विद्यार्थ्यांनी विद्यापीठच बंद पाडलं आणि आठवड्याभरात आय. किंग जॉर्डन हे पहिले कर्णबधिर अध्यक्ष मिळवले. तिथेही श्रवणशास्त्राचा अभ्यासक्रम आहे. कल्पना करा, तुम्ही कान मोजायला शिकताय आणि भोवतालच्या आवारात हातांनी गप्पा मारणारे, भांडणारे, प्रेमात पडणारे शेकडो लोक आहेत, ज्यांना तुमच्याकडून काही दुरुस्त करून नको आहे. आमच्या शिक्षणात बहिरेपणा नेहमी आलेखाच्या खालच्या कोपऱ्यात भेटला, कँटीनच्या रांगेत पुढे उभा असलेला कधी भेटला नाही. ती उणीव मला पुढे फार वर्षं जाणवली.

पैशाची बाब घरी काढाल तेव्हा रिक्रूटमेंट हा शब्द आठवा. नोकरभरती नव्हे. आतल्या कानाच्या केशपेशी गेल्या की बारीक आवाज अजिबात ऐकू येत नाही आणि जरासा वाढवला की एकदम असह्य होतो. "जरा मोठ्यानं बोल," आणि लगेच, "ओरडतेस कशाला?" वडिलांचं फीच्या बाबतीत तसंच असतं. सहा महिने हळूहळू सांगितलेलं त्यांना ऐकू येत नाही. आकडा एकदा नीट म्हटलात की सगळी गल्ली ऐकते. उपाय मशीनमध्ये असतो तोच: बारीक आवाज वाढवून द्यायचा, मोठा दाबून द्यायचा. वसतिगृहाचा खर्च आधी सांगा.

वापर सुरू करताना

समजा, दोन ठिकाणी नाव लागलं. एकाच्या गुणवत्ता यादीत तुम्ही वर आहात, दुसऱ्याच्या यादीत अर्ध्या टक्क्यानं तळाला. या धंद्यात टक्क्यांवरून रडणारे दोन प्रकारचे लोक भेटतात. एक तुम्ही. दुसरे ते, ज्यांना प्रमाणपत्रासाठी ४० टक्के बहिरेपण लागतं आणि ज्यांचं ३८ भरतं. ते रडत नाहीत खरं तर. "एकदा परत बघा ना, मॅडम" म्हणतात.

निवड करायला एक दिवस काढा. फी भरायच्या आधी दोन्हीकडे जाऊन बाहेरच्या बाकावर बसा. विभागप्रमुखांना भेटायची घाई नको. ऑडिओमीटरवर कॅलिब्रेशनची चिठ्ठी असते, तिची तारीख वाचा; ते दरवर्षी करायचं असतं. साचे बनवायच्या खोलीत डोकवा. टेबल चकाचक असेल तर तिथे कुणी साचे बनवत नाही. मग बाकावर परत या आणि बेराच्या खोलीवर लक्ष ठेवा.

बेरा म्हणजे डोक्याला तारा लावून, कानात टिकटिक देऊन, मेंदूच्या मुळापर्यंत आवाज पोचतो का ते बघायची चाचणी. लहान मुलाची ती झोपेतच होते. म्हणून आईला सांगतात: रात्री जागवा, पहाटे उठवा, गाडीत झोपू देऊ नका. एवढं सगळं करून आई पहाटेच्या एसटीत बसते. खिडकीतून वारा लागतो, चाकांची लय लागते, आणि मूल गाडीतच गाढ झोपतं. दवाखान्यात पोचेपर्यंत ते ताजंतवानं होऊन सगळ्या बाकांवर उड्या मारायला लागतं. झोपेचं औषध देतात, ते थुंकून टाकतं. अकरा वाजतात. एक वाजतो. पुढचे नंबर उरकून घेतात. मोठी झालेली बरीचशी मुलं मी अशी बघितली आहेत, ज्यांचं निदान दोन वर्षं उशिरा झालं कारण त्या दुपारी कुणीतरी म्हणालं, "पुढच्या महिन्यात या." बाळ एक महिन्याचं होईपर्यंत तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असं आम्ही परीक्षेत लिहितो आणि दहा मार्क घेतो.

ज्या विभागात शेवटी मी शिकले तिथे प्रवेश घ्यायच्या आधी मी अशीच बसले होते. दीड वर्षाचा मुलगा होता, बीड जिल्ह्यातून आलेला. अडीच वाजले तरी डोळे टक्क उघडे. आईच्या चेहऱ्यावर परतीची गाडी दिसायला लागली होती. तेवढ्यात आतून दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी आली. जेवणाचा डबा तिच्या हातात तसाच होता. तिनं मुलाला घेतलं नाही, काही म्हटलं नाही. बोळातला दिवा बंद केला, चप्पल काढली आणि जमिनीवर आईच्या शेजारी बसून राहिली. समोरच्या दोघातिघांनीही मग आपापल्या चपला काढल्या. शिपायानं स्टुलावरचा रेडिओ बंद केला. पंखा तेवढा फिरत होता.

तीनच्या सुमारास मुलाचं डोकं आईच्या खांद्यावरून घरंगळलं. दोघींनी मिळून त्याला आत नेलं. दार अर्धं उघडं राहिलं होतं, त्यातून मला पडदा दिसत होता, त्यावर हळूहळू जमत जाणाऱ्या रेषा. आई दारात येऊन उभी राहिली आणि विचारलं, "काय दिसतंय ताई? ऐकू येतंय का त्याला?"

मुलीनं पडद्यावरची नजर हलवली नाही. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि डाव्या हातानं आईला शेजारचं स्टूल दाखवलं.